लिफ्टमध्ये न मावलेला भाला

आप्पा, तुमचा भाला लिफ्टमध्ये मावला नाही. तुम्ही गेल्यावर आपली चाळ पाडून टॉवर झाला, नवव्या मजल्यावर घर मिळालं. हमालांनी भाला उभा, आडवा, तिरका करून पाहिला आणि जिन्याशी टेकवून ते निघून गेले. घाटकोपरच्या त्या खोलीत एकच भिंत मोकळी होती आणि ती या भाल्याने अडवलेली. खंडेनवमीला त्याला झेंडूचा हार मिळायचा. आईला कपाट मात्र कधीच मिळालं नाही, तिच्या साड्या खाटेखालच्या ट्रंकेत चुरगळत राहिल्या.

आपले खापरपणजोबा भालाईत घोडेस्वार होते, हे तुम्ही पाहुण्यांना चहाच्याही आधी सांगायचात. ते बारगीर होते, म्हणजे बुडाखालचा घोडाही सरकारचा, हे सांगायचं तेवढं राहून जायचं. दुसऱ्याच्या घोड्यावर बसून, दुसऱ्याच्या भांडणात, अनोळखी माणसांना भोसकून आलेला एक माणूस, आणि त्याच्या जिवावर तुम्ही जन्मभर खाटेवर बसून राहिलात. मुलुंडच्या एका सोसायटीत वॉचमनची नोकरी चालून आली, तेव्हा म्हणालात, "आमच्या घराण्यानं भाला धरलाय. काठी धरायची नाय." साकीनाक्याच्या कारखान्यातून नुकतीच आलेली आई स्टोव्ह पेटवत म्हणाली, "बरं. मग आज भाल्याचंच कालवण करते." जेवलात मात्र पोटभर. त्या जेवणाचा मला अजून राग येतो.

मुलगा नव्हता म्हणून मला शिकवायचात. मी लोडावर मांड टाकून बसलेली, दांडा काखेत, आणि तुम्ही मागून सांगताय, "घट्ट धर गं. टोक घोड्याच्या दोन कानांच्या मधून दिसलं पाहिजे." तुम्ही जवळून पाहिलेला घोडा एकच, जुहू चौपाटीवरचा, आणि त्यालाही भ्यायला होतात.

आई या वेळी स्पष्टच बोलली. "नव्या घरात कपाट येईल, नायतर तो भाला. दोन्ही आले तर मी चालले गावाला." मी म्हटलं, भंगारवाल्याला देऊन टाकते. आता कपाट आलंय. आई ते उगाचच उघडते, साड्यांवरून हात फिरवते आणि बंद करते.

ती वाचेल म्हणून हा कागद मी फाडून टाकणार आहे. भाला गच्चीवर आहे, पाण्याच्या टाकीमागे. मीच जिन्याने चढवला. पाचव्या मजल्यावर कोणी नाही असं बघून काखेत धरला. टोक बरोबर दोन कानांच्या मधून दिसलं, आप्पा.