तांब्याची जोडवी

आये, आज तुझ्याशी भांडायला बसलेय. माफीबिफी मागायला मुळीच नाही. तुला जाऊन वीस वर्षं होत आली, तरी घरात तुझा विषय निघाला की सगळे म्हणतात, बाई भारी हट्टी. मीही मान डोलावते.

कोन गावच्या रस्त्यावरचं ते स्कॅन सेंटर आठवतं? तुझी कंबर महिनाभर धरली होती, चुलीपुढून उठताना भिंतीला हात लावायचीस. सेंटरच्या दारावर पाटी होती, धातूची वस्तू आत नेऊ नये. बांगड्या काढल्यास, मंगळसूत्रही कुरकुरत काढलंस, पण पायातली जोडवी म्हटल्यावर सगळ्या बाकांसमोर ओरडलीस, "तुजा बापूस जित्ता हाय! जोरवी मी काराची न्हाय." बाबा मान खाली घालून बसलेले. मी कॉलेजात शिकणारी, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुझ्या पायाशी बसले, जोडव्यांची चीर नखांनी फाकवली आणि ओढून काढली. म्हटलं, "दोन मिन्टाचा काम हाय आये. फकस्त हलू नको."

काचेमागे उभी राहून मी तुझी जोडवी मुठीत धरली होती. एमआरआय मशीनच्या त्या ठणठणाटात तू थोडा वेळ पडून राहिलीस, मग मला हाका मारत उठायलाच लागलीस. फोटो सगळे हललेले आले. डॉक्टर म्हणाले, पुन्हा करा. तू बाहेर येऊन आधी जोडवी घातलीस आणि म्हणालीस, "एकदा कारली. परत न्हाय." हाडातला आजार कळला तेव्हा हातात काही उरलं नव्हतं.

आता ऐक. दापोड्याला गोदामांच्या मागच्या शेडमध्ये आम्ही काही इंजिनिअर मिळून एक पातळ गादी बनवतो, त्याच मशीनमध्ये पेशंटच्या अंगाखाली घालायची. तिच्यात तांब्याच्या बारीक कड्या आहेत, ओळीनं, शेकड्यानं, आणि प्रत्येक कडीला एक चीर. चीर किती, दोन कड्यांत अंतर किती, हे मोजून ठरवलं की त्या सगळ्या मिळून अंगातून येणारा क्षीण संकेत पकडतात आणि वाढवतात. नुसत्या तांब्यानं हे होत नाही, मांडणीनं होतं. संकेत वाढला की माणसाला मशीनमध्ये कमी वेळ पडावं लागतं. पहिल्यांदा आराखडा पाहिला तेव्हा मला कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. कागदभर तुझी जोडवी मांडून ठेवली होती.

चाचणीसाठी इस्पितळात गेले तर तिथले मोठे डॉक्टर हसले. "मॅडम, धातू आत नेणार? दारावरची पाटी वाचली नाहीत?" म्हटलं, वाचलीय, तुमच्याआधी वाचलीय. पाटी बरोबरच आहे, पेशंटची जोडवी बाहेरच राहतील. पण ही गादी आत जाणार. तांब्याला चुंबक ओढत नाही, तापतं का ते मोजलंय, हे कागद. तीनदा परत पाठवलं. चौथ्यांदा गेले. माझ्या अंगातही तुझंच रक्त आहे, आये, दारावरून हाकलल्यावर मीही जात नाही.

परवा परवानगी मिळाली आणि पहिली मीच झोपले, कंबरेखाली गादी घेऊन. फोटो लख्ख आले, वेळही पुष्कळ वाचला. तेच डॉक्टर दोनदा चष्मा पुसून बघत होते. सगळे माझं अभिनंदन करत होते आणि मी घड्याळ बघत होते. दोन मिनिटांत अजूनही होत नाही.

तुझ्या स्कॅनच्या त्या दिवशी टेक्निशियननं मला आधीच बजावलं होतं, अर्धा तास लागेल, आईंना सांगून ठेवा. मी दोन मिनिटं सांगितलं. तू दोन मिनिटं मुकाट्यानं पडलीस, कदाचित दहाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. काल रात्री जेवताना बाबा पुन्हा म्हणाले, तुझी आई हट्टी होती. मी हो म्हटलं.