धुळाप्पांचे कोरडे सूर

सोमवार, ३ मार्च

आज सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. सिद्धारामअण्णांनी त्यांच्या स्टुडिओत मला खुर्ची दिली, हेडफोन कानावर चढवला आणि म्हणाले, बस तम्मा, आजपासनं माऊस तुझा. तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. कॉलेजच्या बाकावर अडीच वर्षांत जे झालं नाही ते पाच मिनिटांत झालं. मी कामाचा निघालो.

कॉलेज मी सोडलं, कॉलेजनं मला काढलं नाही. हे लिहून ठेवतो, कारण माढ्याला घरी उलटंच बोललं जातंय. वर्गातली उत्कर्षा गॅदरिंगच्या निवडीला गात होती. लांब सुराच्या शेवटी तिचा आवाज जरा थरथरतो, तीच तर त्यातली गोडी. निवड करणारे सर सगळ्यांदेखत म्हणाले, थंडी वाजतीय काय गं. मग मी उठून बोललो ते बोललो. माफीनामा लिही म्हणाले, नाही लिहिला. नंतर उत्कर्षानं विचारलं, तुला वकील कुणी नेमलं होतं. कुणीच नव्हतं. पण तेव्हा रागानं तिचा आवाज कापत होता आणि मी तिथंच संपलो.

स्टुडिओ साखर पेठेत, यंत्रमागाच्या कारखान्यावर. खाली माग खटखटतात, वर फरशी हादरते. रेकॉर्डिंग फक्त दुपारी, मागवाले जेवायला थांबतात तेव्हा. मला आवडलं.

गुरुवार, ६ मार्च

अण्णांचा सगळा धंदा एका सुंदरीवर. सुंदरी म्हणजे सनईची धाकटी बहीण, वीतभर लांब, आवाजाला तिखट. अक्कलकोटचे म्हातारे धुळाप्पा ती वाजवत. गेल्या वर्षी अण्णांनी त्यांचा एकेक सूर सुटा रेकॉर्ड करून कॉम्प्युटरात भरला. एकूण छत्तीस. आता लग्नाचं गाणं असो नाहीतर देवाचं, मी पडद्यावर सूर मांडतो आणि सुंदरी वाजते. धुळाप्पांना बोलवायला नको.

हे सूर अगदी सरळ आहेत, पट्टीनं आखल्यासारखे; धंद्यात त्यांना कोरडे म्हणतात. तसेच घ्यावे लागतात. थरथर, म्हणजे व्हायब्रेटो, नंतर सॉफ्टवेअरमध्ये घालायची. एक बटण किती जलद, दुसरं किती खोल. नवशिका सूर लागल्या लागल्या हलवायला जातो आणि बकरी ओरडल्यासारखं होतं. आधी सूर उभा राहू द्यायचा, मग हलवायचा, आणि दोन लाटा सारख्या नकोत. मी बटणं सोडून माऊसनं एकेक लाट हातानं काढतो. अण्णांना ते जमत नाही, त्यांचे हात कापतात. कपबशी धरली की घुंगरू वाजतात. तेच म्हणतात, देवानं मला फुकट व्हायब्रेटो दिलाय, लावू कुटं.

सोमवार, १० मार्च

आज सुंदरी जिवंत झाली. दोन मिनिटांच्या आलापाला चारशे लाटा काढल्या. अण्णा ऐकत राहिले आणि शेवटी एवढंच म्हणाले, लई झालं की.

एक गंमत. टेबलावर पाण्याचा पेला होता. मागांमुळं त्यातलं पाणी कायम शहारत असतं. आज गुळगुळीत, काचेसारखं. माग बंद पडले वाटून खिडकीतून वाकलो. सगळे चालू होते. फरशी पायाखाली हादरत नव्हती.

बुधवार, १२ मार्च

अण्णांचे हात थांबले. सकाळी आले ते स्वतः दाढी करून, कुठं कापलेलं नाही. बशीत चहा ओतून प्यायले, थेंब सांडला नाही. बारा वर्षांनी सही वळली म्हणून कोऱ्या कागदावर वीसदा सही केली. माझ्या पाठीत धपाटा घालून म्हणाले, तुझा पायगुण हाय.

हसले तेव्हा गाल मात्र हलले नाहीत.

शनिवार, १५ मार्च

धुळाप्पा आता कुठं असतात, विचारलं. अण्णा म्हणाले, घरीच हायत, वाजवत न्हाईत. सरळ फुंकायला ते तयारच नव्हते. तीन दिवस अण्णांनी बसवून ठेवलं, सूर जरा हलला की पुन्हा. जाताना म्हातारा म्हणाला म्हणे, सूर कोरडे ठिवू नगा, कोरडं ते पाणी हुडकतंयच.

मी हसलो. संगणकाला तहान लागते हे मला आजवर कुणी शिकवलं नव्हतं.

सोमवार, १७ मार्च

उत्कर्षा आली. बाईचा आवाज हवा होता, मी नाव सुचवलं. तुझ्यासाठी नाही, गाण्यासाठी आलेय, असं तिनं दारातच बजावलं. मी म्हटलं, चालेल.

हेडफोनमध्ये माझी सुंदरी, व्हायब्रेटो पुरता खोल, त्यावर ती गायली. पहिल्या कडव्याला आवाज तिचा होता. तिसऱ्याला सरळ. शेवटची तान तिनं आखून दिली, पट्टीनं.

अण्णा म्हणाले, पोरगी सुरात हाय.

मंगळवार, १८ मार्च

फोन केला. मुद्दाम डिवचलं, सरांचं बरोबर होतं म्हटलं. तिनं शांतपणे सांगितलं, असेल. स्टँडवर गाडीचा फलाट सांगतात त्या आवाजात. तिची आई खूश आहे, म्हणते पोरगी शहाणी झाली. मी विचारलं, तू बरी आहेस ना. म्हणाली, मला काहीच होत नाही.

काहीच होत नाही.

बुधवार, १९ मार्च

व्हायब्रेटोची दोन्ही बटणं शून्यावर आणली. काढलेल्या लाटा पुसल्या. पडद्यावर रेघ सरळ.

वाजवलं. थरथरतंय.

आणि ती थरथर मी ओळखतो. सुराच्या शेवटी सुरू होणारी, तिसरी लाट आखूड. अडीच वर्षं मागच्या बाकावरून ऐकलीय मी ती.

अण्णांना सांगितलं, हे सूर पुसू. ते म्हणाले, पोरीचा आवाज सरळ झाला तर बिघडलं काय, गाती की. मग दोन्ही हात माझ्यापुढं धरले. न हलणारे. त्यांची पापणीही हलत नव्हती. म्हणाले, ह्यांना हात लावायचा न्हाय.

बघतोच.

गुरुवार, २० मार्च

एसटीनं अक्कलकोट गाठलं. धुळाप्पांनी ओळख विचारली नाही, ह्या सुरांपायी आलेला कितवा तू, एवढंच विचारलं. म्हणाले, सूर मोडले तर ज्याचं त्याला माघारी जाईल. पण मोडणाऱ्याला ते चाखून बघत्यात.

चाखू द्या म्हटलं. लई तिखट हाय मी.

शुक्रवार, २१ मार्च

दुपारी एक. माग थांबले. अण्णा जेवायला गेलेत. दार आतून लावलं. चोरीच्या भीतीनं त्यांनी दुसरी प्रत ठेवलेली नाही, हे बरं.

पहिला पुसला. दुसरा.

पापणी किती वेळ मिटली नाही — डोळे कोरडे.

बारा. घाम थांबला. पंखा बंद आहे.

वीस. बाहेर अण्णा. तम्मा, थांब की, हाताला पुन्हा कापरं सुटलं, म्हणतायत. दारावरची थाप कापरी. अण्णा, माफ करा — नाही. नका करू. मी माफी मागत नसतो.

एकतीस. उत्कर्षाचा फोन. रडत होती. का ते कळत नाही म्हणाली, मग मलाच शिव्या, चार दिवस मला काय झालं होतं आणि तू कुठं मेला होतास. आवाज थरथरत होता. तिसरी लाट आखूड. तिचीच, अख्खी.

मी म्हटलं, ठीक आहे.

एवढंच आलं तोंडून. सपाट.

पस्तीस.

छत्तिसावा पुसला जात नाही. आपोआप वाजतोय, हलतोय. कुणाची ही थरथर — मनगटावर नाडीला बोट ठेवलं. काढलं. मोजणार नाही.

तिचं तिला मिळालं हे मला कळतंय. आत काही हलत नाही. हलायला हवं होतं, आज तरी —

असू दे. सुंदरी, एक तुझा. पस्तीस मी मोडले. हितं बसून आणखी तुला भरवणार नाही.

उठलो. कडी काढली. अण्णा बाजूला झाले. वही हातात, उभ्यानं लिहितोय. अक्षर चांगलं येतंय, छापल्यासारखं.

बाहेर आलो. दार ओढलं, लावलं. आता तिच्याकडं जाणार आणि सांगणार, की मला तुझ्याबद्दल जे वाटतं ते —