सोडल्यावर दुखतं

सोमवार, ४ तारीख

पोरी, उशिराबद्दल रागावू नकोस. वही देताना तू म्हणाली होतीस, बाबा, रोज चार ओळी लिहा आणि रविवारी पानं पाठवा. नोकरी लागून आठ दिवस झाले, आज कुठे पेन उचललं. लाज वाटत होती. सातवी शिकलेला माणूस डॉक्टरांच्या कॉलेजात शिकवतो, हे सांगायचं कुणाला?

काम म्हणजे खोटा पेशंट. पलंगावर पडायचं, पोरं येतात, विचारपूस करतात, पोट चाचपतात. माझं दुखणं कागदावर लिहून दिलंय, अपेंडिक्सचं. त्यात खुबी अशी की पोट दाबताना नुसतं कण्हायचं आणि हात झटकन उचलला की खरं कळवळायचं. नवखे दाबतानाच बोंब ठोकतात, असं शिकवणारी बाई म्हणाली. मला पहिल्या फटक्यात जमलं.

शेजारच्या पलंगावरच्या मावशी छातीत कळ आणतात. त्या म्हणाल्या, भाऊ, दिवसातून सहा वेळा मरायचं आणि मधे चहा प्यायचा, याहून सुखाची नोकरी दाखवा मला. खोली स्वच्छ आहे, चादर रोज बदलतात. मी विचारून घेतलं.

बुधवार, ६ तारीख

एक किळस सोडली तर बरं चाललंय. पोरांचे हात थंड आणि ओलसर असतात. आज एकाच्या नखांत पिवळं काहीतरी होतं आणि तेच बोट त्याने माझ्या बेंबीत टेकवलं. घरी येऊन पोट तीनदा साबणाने घासलं, तरी ते बोट जाईना. तुझी आई म्हणायची तेच खरं, मी स्वतःच्या सावलीलाही धुऊन घेईन.

शुक्रवार, ८ तारीख

शंभर पोरांना एक पोट पुरत नाही, म्हणून बाईने पडद्यावरचा पेशंट करायला घेतलाय. दिवसभर कॅमेऱ्यापुढे निजलो. कण्हणं, उचकी, ओकारी, सगळं भरून घेतलं. शेवटी 'खरंच' हा शब्दही. तो आमचा राखीव शब्द. नाटकात तो उच्चारायचा नाही. पेशंट 'खरंच' म्हणाला की त्याला खरोखर काही होतंय, सगळ्यांनी हात मागे घ्यायचे. तो कशाला भरता, असं मी विचारलं. बाई म्हणाली, असू द्या काका, एखादा शब्द जास्त झाला तर बिघडत नाही.

सोमवार, १८ तारीख

आज तो पाहिला. भिंतीएवढा पडदा, त्यावर मी. जिभेवर पांढरा थर, ओठांच्या कोपऱ्यांत सुकलेली लाळ, नाकातले केस बोटाएवढे. पोरं बिस्किटं खात त्याला फिरवत होती. एकीने काठीसारखं काही हलवलं आणि त्याची कातडी केळ्याच्या सालीसारखी उतरवली. खाली पिवळी, ओली चरबी. माझीच. तोंडाला पाणी सुटतं ना ओकारीआधी, तसं सुटलं.

हात उचलला की तो दर वेळी 'खरंच' म्हणतो. पोरं हसतात आणि पुन्हा दाबतात. तो शब्द काढा, म्हणून बाईच्या मागे लागलो. ती म्हणाली, त्याच्या तोंडी फार शोभतो हो.

बुधवार, २० तारीख

उजवीकडे खाली दुखतंय. वाटलं, सवयीने असेल. न्हाणीत स्वतः दाबून पाहिलं. दाबताना थोडं. सोडल्यावर —

पडद्यावरच्यावर पोरांनी उपचार लांबवले की तो बिघडत जातो. आज त्याचं पोट फुगलं होतं आणि तो गडद हिरवं ओकला, शेवाळासारखं. संध्याकाळी मी ओकलो. तोच रंग. त्यात तसाच फेस.

गुरुवार, २१ तारीख

पोराने हात उचलला आणि मी 'खरंच' म्हणालो. त्याने हात मागे घेतला नाही. हसला, वहीत खूण केली, पुन्हा दाबलं. मी तीनदा म्हणालो. मावशी ओरडल्या की अरे मेल्या, सोड त्याला. बाई म्हणाली, वा काका, पडद्यावाल्याला मागे टाकलंत.

शुक्रवार, २२ तारीख

खालच्या मजल्यावर खरा दवाखाना आहे. मावशींनी धरून नेलं. तिथला डॉक्टर गेल्याच वर्षी आमच्याकडे शिकलेला. मावशींना म्हणाला, आज तुमच्या छातीला सुट्टी वाटतं? मला म्हणाला, काका, इथे तालीम नको, खरे पेशंट खोळंबलेत. पोटाला हातसुद्धा लावला नाही. आजवर नको ते हात लागले, आणि आज —

तोंडाला घाण येते. नासलेल्या मांसासारखी. पाण्यालाही तीच चव.

शनिवार, २३ तारीख

ताप. कॉलेजातल्याच पलंगावर पडून लिहितोय, अक्षर लावून घे.

पडद्यावरच्याला पोरांनी आज वेळेत कापलं. वाटीभर पू काढला. टाळ्या वाजवल्या. तो उठून बसला, भांग पाडला — मी बरा झालो नाही. त्याचं झालं, माझं नाही.

बाई दारात येऊन सांगून गेली. नातेवाइकांशी फोनवर कसं बोलावं, याचा धडा होता. पडद्यावाला माझ्याच आवाजात बोलला. माझ्या फॉर्मवर तुझा नंबर होता, कुणीतरी तोच लावला. तुमची मुलगी किती निर्धास्त झाली हो, असं म्हणाली.

पोरी, तो मी नव्हतो. तो रडगाणं गात नाही, म्हणून तुला बरं वाटलं असेल. मी एवढं नीट कधी बोललोय का?

मावशी ही पानं तुझ्याकडे न्यायला दारात थांबल्यात. मिळताच निघ. नाहीतर कुणालाही कळव, पण लवकर — आता दुखत नाहीये. मघाशी एकाएकी थांबलं. अगदी हलकं वाटतंय. पोट फळीसारखं कडक लागतंय. दुखायचं असं अचानक थांबलं तर खूश होऊ नका, असं बाई पोरांना सांगते, कारण तेव्हा आत फुटलेलं —