घोडनदीकाठचा जबडा

५ मे २०२४, रविवार

सापडला! जबडा! नुसता दात नाही, हाडाची कपचीही नाही — दोन दाढा जागच्या जागी असलेला, दगड झालेला खालचा जबडा!

शिनोलीच्या खाली नदी आटलीय. पिवळ्या मातीचा कडा पार उघडा पडलाय. नवनाथ पाण्यात पाय सोडून बसला होता. नवरा म्हणून सोबत येतो, हाडांत त्याला काडीचा रस नाही. मी चुनखडीचा एक गोटा उचलायला गेले, तर गोट्याला दात! अशी ओरडले की तो अनवाणीच पळत आला. त्याला वाटलं साप.

जीभ लावून पाहिली. चिकटली. म्हणजे जुनं हाड! नवनाथ म्हणाला, "डॉक्टरीणबाई, हे पेशंटना सांगू नका."

घरी आले आणि सगळं बिनसलं. सासऱ्यांना 'मामा' म्हणायची सवय अजून नीट जडलेली नाही, पण आज मोठ्या हौसेने हाक मारली आणि ओसरीवर पिशवी उघडली. त्यांनी कपबशी खाली ठेवली.

"हाडूक? घरात?"

आवाज चढला नाही. उलट खाली गेला.

"माझ्या आज्यानं गावाची मेलेली ढोरं वढली, सोलली. बापानं छप्पन साली धम्म घेतला आन् त्याच दिशी दोर फेकून दिला. तवापासून या उंबऱ्याच्या आत हाडूक आलं न्हाई. आन् आता डॉक्टर सून पिशवीत घालून आणती!"

म्हटलं, "मामा, हे ढोर नाही."

"मंग काय हाय?"

मलाच माहीत नव्हतं. जबडा माझ्या दातांच्या दवाखान्यात नेऊन ठेवला.

६ मे

पुण्याच्या सुभाष सरांना फोटो पाठवला. जीवाश्म ओळखायला त्यांच्याच शिबिरात शिकले. उत्तर एका ओळीचं — "म्हैस असावी. तरी छान!"

म्हैस. म्हणजे मामांचंच खरं. जेवण गेलं नाही.

७ मे

नाही! म्हैस नाही!!

दुपारी पेशंट नव्हते. खुर्चीवरचा दिवा ओढला, भिंग लावलं, दात साफ करायच्या ब्रशने एकेका दाढेवरची माती काढली. रोज दहा तोंडं बघते मी. दाढ कशी झिजते ते मला कोणी सांगायला नको.

म्हशीची दाढ झिजली की वर चंद्रकोरी दिसतात. हिच्या माथ्यावर तीन पाकळ्या. बेलाचं पान! भीमाशंकरच्या रस्त्याला टोपलीत घेऊन बसतात ना, तसंच. एकाला एक टेकवून ठेवलेली दोन पानं. घोड्याची दाढ अशी नसते. डुकराच्या दाढेवर बारक्या उंचवट्यांची दाटी असते, तीही नाही. शिबिरातली चित्रं काढून बसले. एकच जनावर जुळतंय. लिहायलाही हात कचरतोय.

पाणघोडा.

घोडनदीत पाणघोडा! हसूच आवरेना. तेवढ्यात आलेली पेशंट दारातच थबकली बिचारी.

८ मे

सरांना फोन केला. म्हणाले, "फार मोठं बोलताय, प्रज्ञा. चुकलात तर लोक विसरणार नाहीत."

"बेलाचं पान आहे सर. स्पष्ट."

"असेल. पण जबड्याचा पुढचा भाग हवा. आज आफ्रिकेत हिंडणाऱ्या पाणघोड्याला खाली, दोन सुळ्यांच्या मध्ये, चार दात असतात. आपल्याकडचा जो नाहीसा झाला त्याला सहा. तो तुकडा आणा, मग मी स्वतः येतो."

आणि नवनाथ बातमी घेऊन आला — डिंभ्याचं आवर्तन सुटतंय, परवाच. कडा आधीच तडकलाय. धरणाचं पाणी आलं की ढासळणार!

९ मे

दवाखाना बंद. दिवसभर उकरलं. काही नाही. तळहातांना फोड.

१० मे

आजचा दिवस कसा लिहू!

सकाळी कड्याच्या वर छत्री दिसली. खाली मामा! वरूनच खड्ड्यात डोकावले. मग —

"नवनाथ म्हनला, ढोर न्हाई."

"नाही मामा. पाणघोडा. आपला, इथलाच."

"टीवीत दावत्यात त्यो? हितं?"

"इथंच. या नदीत."

छत्री मिटली. सावकाश खाली उतरले. "हाडकाला हात लावणार न्हाई मी, सांगून ठेवतो. माती तेवढी उकरतो." आणि नवनाथच्या हातातलं खोरं घेतलं.

हत्तीचं बळ माणसात! दुपार कलली तेव्हा त्यांचं खोरं थांबलं. "पोरी... ह्ये बघ." मातीतून सुळ्याचं टोक वर आलं होतं, माझ्या मनगटाएवढं जाड. गुडघ्यांवर बसून बोटांनीच माती काढली. दोन सुळे. त्यांच्यामध्ये दातांच्या खोबण्या. मी मोठ्याने मोजल्या. परत मोजल्या.

सहा! सहा!!

नवनाथ वरून ओरडला, "पाणी आलं!" कवळीचे साचे घेतो ते प्लास्टर कालवलं, गॉजच्या पट्ट्या बुडवून सगळं गुंडाळलं, फुंकर घालत बसले. ते सुकेस्तोवर पाणी घोट्याला लागलं. एवढं जड धूड मला उचलेना. मामांनी मला बाजूला सारलं, ते खांद्यावर घेतलं आणि चढ चढून गेले.

आपण हाडूकच खांद्यावर घेतलंय हे वर आल्यावरही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. आमच्या मागे कडा धाडकन पाण्यात बसला.

१४ मे

सुभाष सर आले. दोन्ही तुकडे जोडून पाहिले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मी म्हैस म्हणालो होतो ते कुणाला सांगू नका."

मग स्वतःच सगळ्यांना सांगत सुटले! बारीक तपासणी पुण्यात व्हायचीय, पण ओळख पक्की. मामांनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. "मी नुसती माती काढली, राव. वळखलं आमच्या सूनबाईनं."

सर गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुण्याला जाईस्तोवर त्ये घरी आण. मान्सं बघायला येत्यात. दवाखान्यात कुठं बसवायची?"

ओसरीवर ठेवलाय. मी आत जाऊन रडले थोडी. आनंदाने!

१८ मे

शेवटची सफाई करत होते. दाढांच्या खाली, बाहेरच्या अंगाला रेघा. सरळ, एकीशेजारी एक. त्यांच्यात काठाचीच चुनखडी भरलेली, म्हणजे आजच्या नाहीत. फोटो बघून सरांचा लगेच फोन आला — धारेच्या दगडाने मांस सोडवल्याच्या खुणा. माणसाने केलेल्या.

मामांच्या हातात भिंग दिलं. ओणवून खूप वेळ बघत राहिले.

"मंजी तवाबी मान्सं व्हती हितं. अन् सोलायचं काम कुनाकडं व्हतं?"

"सगळ्यांकडे, मामा."