कोरड्या हवेच्या गावी

६ मार्च १९८८, जळगाव

सामान लागलं. म्हणजे खोक्यांतून निघालं आणि भिंतीला टेकलं. मेहरूणला दोन खोल्या, वरचा मजला, डोक्यावर स्लॅब. खिडकीतून तलावाचा एक तुकडा दिसतो. खाली घरमालकीण, एकटीच असते म्हणे.

रा. बरी.

(रा. म्हणजे ह्यांची रात्र. दहा वर्षं सकाळी उठून आधी हेच लिहितेय. बरी, मध्यम, वाईट. दम्याच्या माणसाच्या घरात दुसरी बातमी काय असते?) म'श्वरला शेवटच्या पावसाळ्यात 'बरी' लिहिल्याचं आठवत नाही. इथे आल्यापासून चार दिवस तेच लिहितेय. डॉक्टर म्हणाले होते, "वसंतराव, महाबळेश्वर सोडा. कोरड्या हवेच्या गावी बदली मागा." मागितली, मिळाली. ह्यांच्या मोजणीच्या ऑफिसात लोक हसले, जळगाव कुणी मागून घेतं का!

११ मार्च

रा. बरी. तीन उशांवर टेकून बसणारा माणूस आता एका उशीवर आडवा झोपतो. सकाळी जाग आली तर घरात काही आवाजच नाही. घाबरले. छातीवर हात ठेवून पाहिला. जागे झाले.

"काय गं?"

"काही नाही. झोपा."

१९ मार्च

घरमालकीण वर आल्या. सगळे आक्का म्हणतात, मीही म्हणते. माहेर पिंपळनेर, इथे येऊन चाळीस वर्षं झाली तरी बोलणं तिकडचंच. नवरा गेला, मुलगा-सून धुळ्याला. जिना चढून आल्या, पाणी प्यायल्या आणि विचारलं, "पोरेसोरे कितला शेतस?"

दुसऱ्यांदा विचारल्यावर कळलं. म्हटलं, नाहीत.

त्यांनी ओच्यातून दोन वांगी काढून ओट्यावर ठेवली. "भरीत करजो."

वांगी एवढाली, हिरवी-पांढरी. आमच्याकडे असली मिळत नाहीत. भरीत जमलं नाही, करपलं. ह्यांनी पुसून खाल्लं.

२ एप्रिल

दूध नासलं. काल पण नासलं. कणीक अकरापर्यंत आंबते. नळाचं पाणी संध्याकाळी एवढं कढत, की अंघोळीसाठी बादलीत भरून निववावं लागतं. इथली रीत शिकतेय: पहाटे पाचला धुणं, भांडी, पाणी भरणं. नऊला खिडक्या बंद. मग संध्याकाळपर्यंत अंधारात बसायचं. दिवसाढवळ्या दिवा लावून तांदूळ निवडले आज.

रा. बरी.

९ एप्रिल

माठ हवा होता. दुपारी एकला निघाले, म'श्वरला त्या वेळेलाच जायची सवय. रस्त्यावर माणूस नाही. दुकानांची शटरं अर्धी खाली, आत दुकानदार सतरंजीवर आडवे. एकाला हाक मारली तर झोपेतूनच म्हणाला, "चार नंतर या ना ताई." हात हलवत परत आले. फाटकात आक्का.

"काय व बाई, दुपारले कोठे चालनी व्हतीस?"

"माठ आणायला."

"आठे उनाळामा दुपारले कुत्रंबी भाहेर निंघत नही."

ओसरीवर बसवून गुळाचा खडा दिला, वर पाणी. बोलल्या मात्र पुष्कळ. अर्धं कळलं, अर्धं कळून घेतलं.

१७ एप्रिल

लोकरीची पिशवी उघडली. तिकडे सीझनला बाजारात बसून स्वेटर विकायचे मी. पंधरा वर्षं. माझ्या हातचे स्वेटर कुठकुठल्या गावांना गेले असतील. इथे येताना हे म्हणाले, "लोकर कशाला?" तरी आणली.

आक्कांच्या सुनेला दिवस आहेत, दिवाळीच्या पुढे-मागे. त्यांना एक टोपडं हवंय. खूश होऊन विणायला बसले. बोटांना घाम, लोकर चिकटते, सुया निसटतात. चार ओळी झाल्या, टाके कुठे घट्ट कुठे सैल. उसवलं.

पंधरा वर्षांत असं उसवलं नव्हतं.

२६ एप्रिल

रा. बरी. माझी विचारू नका.

(कुणाला सांगतेय, कोण विचारतंय.)

दिवसभर तापलेला स्लॅब सगळी उष्णता खाली सोडतो. गच्चीवर जावं तर डास. ओलं लुगडं अंगावर घेऊन पाहिलं, घटकाभरात वाळतं. तीन आठवडे धड झोप नाही. काल भाजीत मीठ दोनदा, आज अजिबात नाही. हे म्हणाले, "तुझे डोळे असे का दिसतात?" म्हटलं, धूळ जाते.

ह्यांचे गाल भरलेत. जिना एका दमात चढतात. वर येताना शीळ घालतात! लग्नानंतर पहिल्यांदा ऐकली ह्यांची शीळ. मला माहीतच नव्हतं, येते म्हणून.

१ मे

कूलर आणला. रफिकभाई म्हणून आहेत, पत्र्याचे कूलर स्वतः बनवतात. हातगाडीवर घालून घेऊन आले, खिडकीत बसवला, तिन्ही बाजूंना गवत भरलं. "भाभी, पाणी दोन टाइम टाकायचं. पंप सुका चालवायचा नाही. नवीन माणसाला पहिला उन्हाळा जड जातो, मग खून आपोआप पातळ होतं." हसले. चहा नको म्हणाले, रोजे चालू आहेत. एवढ्या उन्हात पाण्याचा थेंब नाही आणि मी माठापासून हलत नाही. लाज वाटली.

कूलर सुरू झाला. ओल्या गवताचा वास. गार.

२ मे

झोपले. आठ तास. उठले तेव्हा हे चहा करून बसले होते. रडू आलं, उगाचच.

४ मे

रा. वाईट.

दोन महिन्यांनी हा शब्द लिहिला. काल सकाळपासून खोकला होता, आज पहाटे बसूनच होते, तोंड उघडं, खांदे वर. ते शीळ वाजल्यासारखं छातीतलं, ते पुन्हा. गोळी दिली, पाठ चोळली. विसरल्यासारखं झालं होतं सगळं, पण हातांना आठवतं.

डॉक्टर म्हणाले, कूलर. त्याची हवा ओली. "दमट हवा सोडून आलात आणि घरातच केलीत!"

बंद केला.

६ मे

हे म्हणाले, चालू ठेव, मी गच्चीवर झोपतो, मला डास चावत नाहीत. खोटं आहे. रफिकभाईंना बोलावून कूलर स्वयंपाकघराच्या खिडकीत नेला. आता मी ओट्याखाली, हे बाहेरच्या खोलीत मच्छरदाणीत. मधलं दार बंद, ओली हवा जाऊ नये म्हणून.

अठरा वर्षं झाली लग्नाला. त्यांच्या श्वासाच्या आवाजावर झोपायची मी. वाईट असला तरी.

१५ मे

रा. बरी, असं हेच सांगतात आता. मला कुठून कळणार.

लिहून ठेवते, कुणाला सांगणार नाही: मला ह्यांचा राग येतो. ते शीळ घालत जिना चढतात तेव्हा येतो. पुन्हा लगेच स्वतःचा येतो. हाच माणूस दोन वाक्यं बोलून थांबायचा, श्वास घ्यायला. तेव्हा मी देवाला काय काय बोलले होते. मग आता?

२७ मे

मध्ये नाही लिहिलं. लिहिता येत नव्हतं.

२३ तारखेला रॉकेल आलंय कळलं म्हणून रेशनच्या रांगेत उभी राहिले. दहाला गेले, म्हटलं अकरापर्यंत होईल. बाराला पुढे सात जणी होत्या. घाम यायचा थांबला, एवढं आठवतं. वाटलं, बरं झालं, सवय झाली वाटतं. त्यानंतरचं आठवत नाही.

दवाखान्यात डोळे उघडले. हाताला सलाईन. आक्का ओल्या फडक्याने तळपाय पुसत होत्या, एकीकडे पुटपुटत. हे भिंतीला टेकून उभे. निरोप मिळताच ऑफिसातून तसेच रांगेपाशी धावले म्हणे, तोंड पांढरं.

दोन दिवस ताप. तिसऱ्या दिवशी घरी. आक्कांनी खालच्या खोलीतच ठेवून घेतलं, वर जाऊ दिलं नाही. पन्हं, ताक, पुन्हा पन्हं. मला म्हणाल्या, "नवराले गुन उना, पन तू वाळी चालनी, बाई."

ह्यांना गुण आला, तेही खरंच. मी तोंड फिरवलं.

"रडू नको, माय. मी शे ना आठे."

१ जून

वर आले. घर झाडलेलं, भांडी घासलेली. ह्यांना एवढं येतं हे माहीत नव्हतं. भात मात्र बुडाला लागलेला.

बोलत नाहीत फारसे. शीळ बंद आहे.

५ जून

धुण्याला शर्ट घेतला, खिशात कागद. बदलीच्या अर्जाची नक्कल. विनंती बदली, सातारा जिल्हा, शक्यतो महाबळेश्वर किंवा जवळपास. कारण: पत्नीची प्रकृती. तारीख ३० मे. खाली ह्यांची ती सुबक सही, नकाशांवर करतात तशी.

संध्याकाळी समोर ठेवला.

"मला विचारलंत?"

"काय विचारायचं? रांगेत पडलेली बायको उचलून नेली मी. मी पाहिलंय तुला."

"आणि मी दहा वर्षं काय पाहिलं?"

त्यांनी कागदाची घडी घातली.

"तिकडे गेलात तर पहिल्या पावसाळ्यात काय होईल, ठाऊक आहे ना?"

"गोळ्या असतात."

"होत्या की. तेव्हाही होत्या."

मग म्हणाले, "इथे राहिलो तर तुझं काय होईल ते ठाऊक आहे मला." ते हळू म्हणाले. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

दोघंही न जेवता.

१२ जून

अबोला नाही, पण बोलणं कामापुरतं. पिशवी, किल्ली, दूध.

आक्कांना सांगितलं. वाटलं, जा म्हणतील किंवा राहा म्हणतील. त्या भाकरीसाठी कळण्याचं पीठ चाळत होत्या. चाळता चाळता म्हणाल्या, त्या लग्न होऊन इथे आल्या तेव्हा वर्षभर डोंगराकडे तोंड करून बसायच्या. पिंपळनेरचे डोंगर इथून दिसत नाहीत तरी. "मंग?" मी विचारलं, त्यांच्यासारखंच. "मंग काय? कोन इचारस?"

हसल्या नाहीत. मीही नाही.

२८ जून

आईचं पत्र. म'श्वरला धो धो. पाऊस अडवायला घराला गवताच्या झडपा लावल्या, भिंतींना बुरशी धरलीय, कपडे वाळत नाहीत, शेगडीवर धरते. "वसंतरावांना मानवलंय ना तिकडे? देव पावला." शेवटी, बारीक अक्षरात: "तू कशी आहेस ते लिहीत नाहीस."

पाकीट नाकाशी धरलं. ओल्या लाकडाचा वास होता. की मलाच वाटला.

इथे दोन सरी झाल्या. संपल्या. माती पुन्हा कोरडी.

रा. बरी. तरी विचारलं, खोकला? नाही म्हणाले.

४ जुलै

आज दोघं बोललो. मी सुरुवात केली. म्हटलं, अर्ज मागे घ्या. एक उन्हाळा निभावला, पुढच्या वर्षी एप्रिल-मे मी आईकडे जाईन. लोक जातातच. कूलरचं, रांगेचं काय ते नीट करू. तुम्हाला पुन्हा तीन उशांवर बसलेलं मी बघणार नाही.

"खरं सांगतेस?"

"हो."

बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मी भांड्यांकडे.

"उद्या साहेबांशी बोलतो," म्हणाले.

टोपडं पुन्हा घालून घेतलं सुईवर. बारा ओळी.

८ जुलै

"बोललात?"

"साहेब रजेवर आहेत. आले की बोलतो."

१३ जुलै

पुन्हा विचारलं. साहेब अजून रजेवर. घरी लग्न आहे म्हणे कुणाचं. आषाढ लागायच्या बेतात आणि लग्न? मनात आलं.

ह्यांचा चेहरा उतरलाय. झोप लागत नाही का विचारलं तर म्हणाले, लागते की.

१६ जुलै

भाजीबाजारात गेले सकाळी. केळीच्या ढिगापाशी ह्यांचे साहेब, हातात दोन पिशव्या. दवाखान्यात येऊन गेले होते, म्हणून ओळखलं.

"काय वहिनी, तब्येत कशी आता?"

"बरी आहे. तुम्ही कधी आलात? लग्न झालं नीट?"

"कुणाचं लग्न?" हसले. "मला कुठली सुट्टी, वहिनी. उन्हाळाभर एक दिवस नाही मिळाला. वसंतराव आहेत म्हणून निभतंय. गेले तर पंचाईत होणार माझी."

मी केळी घेतली. डझन हवी होती, दोन डझन घेतली.

दुपारभर खिडक्या बंद करून बसले. ह्यांनी अर्ज मागे घेतलेला नाही. घेणारही नाहीत. माझ्या 'हो'वर विश्वास बसला नाही त्यांचा. मला राग यायला हवा होता. यायची वाट पाहिली.

संध्याकाळी हे आले, हातपाय धुतले, पानावर बसले. मी विचारलं, रोजच्यासारखं, "बोललात साहेबांशी?"

"अगं, अजून रजेवरच आहेत."

"बरं," म्हटलं, आणि दुसरी भाकरी वाढली.