गालातली दारू

११ फेब्रु.
सुपरवायझर शेखरसाहेब बोलले, रात्रपाळीच्या कॅबवरून काढून तुला विमानतळाच्या गाडीवर टाकतो. कंपनीचे परदेशी पाहुणे! "पण गालावरच्या त्या काळ्या ठिपक्यांचं बघ काहीतरी. पाहुण्यांना वाटेल, कोळशाच्या ट्रकवरून उतरवलाय." सातवी नापास माणूस आयटीवाल्यांच्या पाहुण्यांचा ड्रायव्हर. विश्रांतवाडीला खोलीवर आलो, गावच्या गजाला सांगितलं. म्हणे, आरशासमोरून हट आता.

१५ फेब्रु.
कोथरूड. लेसरच्या डॉक्टरबाई. "कशानं झालं हे?"
म्हटलं, दारूनं.
बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "सोडलीत का आता?"
म्हटलं, हो, विहिरीला पाणी लागलं तेव्हाच सोडली.
"वा. आता पाण्यावरच राहा."
पुण्याच्या बाई, पण आमच्या विहिरीच्या पाण्याला वा म्हणाल्या. बरं वाटलं.

२२ फेब्रु.
डोळ्यांवर वाट्या बसवल्या. आधी कानाजवळच्या एकाच ठिपक्यावर करून बघू, म्हणाल्या. फट्! गाल चरचरला. आणि वास... तो वास मी झोपेतही ओळखीन. बाईंनी मशीन बंद केलं.
"दारू म्हणजे कुठली हो?"
सुरुंगाची. दुसरी कुठली?
"अहो, मला वाटलं पिऊन डांबरी रस्त्यावर आपटलात!"
मग सगळं सांगितलं. बा अन् मी विहिरी फोडायचो. दारू ठासताना बार आधीच उडाला, दाणे गालात घुसले. पण त्याच बारानं पाणी लागलं. अख्खं गाव पिते अजून. बाई हातातलं काम टाकून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, न जळलेली दारू कातडीखाली बसलीय, लेसर लागला की पेटते, खड्डे पडतात. डोळ्याखाली तर नकोच. दुसरे डॉक्टर एकेक दाणा उकरून काढतील, तरी सगळे निघतीलच असं नाही. "नीट विचारायला हवं होतं मी."
कानाजवळ मोहरीएवढा खड्डा. पट्टी लावली.
बा असता तर हसला असता. बार वाया नाही गेला...

२३ फेब्रु.
शेखरसाहेबांसमोर ताठ उभा राहिलो. विहिरीचे डाग आहेत साहेब. असेच राहतील. पाहुण्यांनी विचारलं तर सांगीन.
"इंग्रजीत?"
शिकतो ना.
ते पट्टीकडे बघत राहिले. "बघू. सोमवारी सांगतो."

संध्याकाळी आईचा फोन. "निंघाले का रे डाग?"
एक निघाला. बाकीच्यांत अजून दारू आहे.
"मंग चुलीजवळ नोको बसू," म्हणे, अन् किती वेळ हसत राहिली.