कर्णावरचा चौरस

अण्णा,

माझ्या नातीची परीक्षा गेल्या आठवड्यात संपली. काल तिला सहज एक प्रश्न विचारला, तर ती हसत म्हणाली, "अज्जी, ते परीक्षेला होतं. आता कशाला लक्षात ठेवायचं?" मी तिला रागावले नाही. राग आला तो तुमचा, इतक्या वर्षांनी, आणि अगदी ताजा.

बसवनगुडीच्या शाळेत तुम्ही गणिताचे मास्तर म्हणून नावाजलेले. बाकीच्या घरांत परीक्षा एकदाच व्हायची, आपल्याकडे दोनदा. पेपर झाला की तुम्ही तो घडी करून पंचांगात ठेवायचात आणि निकाल लागला की अचानक त्यातलं काहीतरी विचारायचात. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत, एसएसएलसीत, मी वर्गात पहिली आले. कॉलेजचा फॉर्म तुम्हीच आणून ठेवला होता. मी स्वयंपाकघरात शेंगा निवडतेय आणि तुम्ही पाटी घेऊन दारात उभे आहात. "कर्णावरचा चौरस. सिद्ध कर." मी काटकोन त्रिकोण काढला, तीन बाजूंवर तीन चौरस काढले, काटकोनातून खाली एक रेघ ओढली. पुढे काही सुचेना. याच प्रमेयाला परीक्षेत मला पैकीच्या पैकी मिळाले होते.

आई म्हणाली, "स्वल्प वेळ द्या की हो तिला."

तुम्ही म्हणालात, "आठवत नाही म्हणजे कधी येतच नव्हतं." फॉर्म आईच्या हातात दिलात. "बंब पेटवायला घे." तिने घेतला. त्यावर तापलेल्या पाण्याने तुम्ही आंघोळ केलीत आणि शाळेत गेलात.

मी का विसरले, हे मात्र तुम्ही कधी विचारलं नाहीत. जन्मभर मास्तरकी केलीत, पण एवढं कळलं नाही. मी भूमिती शिकलेच नव्हते, तुमच्या भीतीने ती गिळली होती. पेपर संपला, भीती ओसरली, तिच्याबरोबर भूमितीही गेली. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही माझं लग्न लावून दिलंत. सासरी धाकट्या दिराचं पुस्तक घेऊन मी ते प्रमेय पुन्हा शिकले, दुपारी, भांडी घासून झाल्यावर. तिथे विचारणारं कुणी नव्हतं, म्हणून ते राहिलं.

मग तुम्हाला अर्धांगवायू झाला. आई आधीच गेली होती, म्हणून तुमचं करायला मी माहेरी आले. एका सकाळी तुम्ही खुणेने पाटी मागितलीत. डाव्या हाताने त्रिकोण काढलात, वाकडेतिकडे चौरस काढलात, खाली रेघ ओढलीत आणि थांबलात. बराच वेळ पाटीकडे बघत राहिलात, मग माझ्याकडे बघितलंत. "पुढं?" एवढाच शब्द कसाबसा निघाला. काटकोनाचा शिरोबिंदू कर्णावरच्या चौरसाच्या कोपऱ्याला जोडायचा आणि दोन त्रिकोण एकरूप दाखवायचे, हे मला झोपेतही येत होतं. मी तुमच्या तोंडावरची लाळ पुसली आणि म्हणाले, "आठवत नाही म्हणजे कधी येतच नव्हतं, अण्णा."

पुढचे आठ दिवस तुम्ही रोज पाटी मागत राहिलात. मी रोज दिली. नवव्या दिवशी तुम्ही गेलात.

हे मी नातीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिते आहे. उद्या ती वही रद्दीत जाईल. तुम्ही "पुढं?" विचारलंत तेव्हा तुमच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी पाहिलं होतं. मला बरं वाटलं होतं. अजून वाटतं.